टिटवीची चार अंडी

नवेगाव बांध, रविवार, दिवेलागण

शाळेच्या निसर्ग मंडळातल्या मुलांना घेऊन सकाळी तलावाच्या सुकलेल्या काठावर गेलो. वाट दाखवायला सुखराम होता, माझा बालपणीचा सोबती. आता मासेमारी करतो. टिटवी डोक्यावर ओरडत होती आणि मुलं नेमकी तिच्याच खाली अंडी शोधत होती. मी उलट्या दिशेनं वीस-पंचवीस पावलं गेलो आणि थांबलो. खड्यांमध्ये खड्यांसारखीच चार अंडी. टिटवी ओरडते एकीकडे, अंडी असतात दुसरीकडे.

नववीतल्या प्रणालीनं विचारलं, "सर, तुमाले कसं मालूम?"

"निरीक्षणानं," मी म्हणालो. सुखरामनं तोंड पाण्याकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

निरीक्षण कसलं? तिच्या वयाचे असताना आम्ही दोघं उन्हाळाभर हाच धंदा करायचो. चड्डीच्या खिशातली ती ऊन ऊन अंडी पळताना मांडीला लागायची. सांगून टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? प्रणालीनं मंडळाच्या वहीत लिहिलं, 'सरांना लहानपणापासून पक्ष्यांची आवड आहे.' मी खाली सही केली. ओरडणं एकीकडे, अंडी दुसरीकडे.

परतताना मुलं पुढे गेली, तेव्हा सुखराम हळूच म्हणाला, "गोवरीच्या आरात भुजून खात होतो आपण. चव याद हाये का रे तुले?"

"नाही," मी म्हणालो, आणि तोंडाला सुटलेलं पाणी गिळलं.