निळा डाग

बुधवार, दिवेलागण

घाईत लिहितोय, अक्षर कसंही येईल.

निडी गावचे हसनभाई दुपारी त्यांच्या आजोबांकडचा आमच्या गावाचा नकाशा घेऊन आले. माझ्या कापडी नकाशाहूनही जुना. माझ्या नकाशात गावाच्या वरच्या अंगाला निळा डाग आहे, मी त्याला आयुष्यभर बुजलेलं तळं समजलो. त्यांच्या नकाशात नेमकं तिथेच लिहिलंय, 'दगडखाण'.

म्हणजे तळं नव्हतंच. खाणीच्या खड्ड्यात पाणी साचलेलं. पुढे कुणीतरी भराव टाकला, वर गवत आलं, गाव विसरला.

घर बांधायचं झालं की गाव मलाच नकाशा उघडायला बोलावतो. पुतणीला, सुनंदाला, मीच बोट ठेवून सांगितलं, "इथंच बांध गो, खाली तळं हाय, विहिरीला पाणी लागंल." काय मिरवलो होतो तेव्हा!

पंधरवड्यापूर्वी तिच्या ओट्याच्या भेगेत काडेपेटीची काडी जात होती. आज सकाळी माझी पेन्सिल गेली. हातातून सुटली, पण पडल्याचा आवाज आलाच नाही. सुनंदा हसली, "काका, घर बाळसं धरतंय, अंगावरचं उसवतंय!" मीही हसलो.

हसनभाईंना हे सांगितलं तर ते उठूनच उभे राहिले. "बसलाय काय? खालचा भराव खचतोय, पोरीला आधी बाहेर काढा."

दुपारपासून इथंच बसलोय, तिला कुठल्या तोंडानं सांगू? मीच तर... पेन्सिल पडल्याचा आवाज का आला नाही, हे मला सकाळीच कळायला हवं होतं.

तिची मुलं याच वेळेला ओट्यावर अभ्यासाला बसतात. निघतो. नकाशा नेत नाही, हात मोकळे हवेत.