पाणी खोडावर

सावनी,

मी जिदहफ्सच्या बाजारात जातोय. भाजी काही संपलेली नाही, पण तू शाळेतून येशील तेव्हा तुझ्यासमोर उभं राहायची मला लाज वाटते.

काल नर्सरीवाल्याला आपल्या सुकलेल्या वृक्षनेच्याचा, त्या माडासारख्या दिसणाऱ्या ट्री फर्नचा, फोटो दाखवला. तो म्हणाला, खोडावरची तपकिरी लव म्हणजे मुळंच, पाणी वरून खोडावर घाला. लावला त्या दिवशी तू तेच करत होतीस. कुंडीवरचं लेबल वाचून म्हणालीसही, "आजोबा, ऑन द ट्रंक." माडाच्या डोक्यावर कोणी पाणी ओततं का, असं म्हणत मी हसलो आणि तुझ्या हातातली झारी घेऊन पाणी बुंध्याशी मातीत ओतलं. पानं वाळली तेव्हा बाबाला सांगितलं, सावनी पाणी घालायला विसरते. तू बोलणी खाल्लीस, मी गप्प बसलो.

वर्गात मुलांना जन्मभर सांगत आलो, माझं चुकलं तर बोला. तू बोललीस.

बाबाला सकाळी खरं सांगितलंय. मधला कोंब अजून हिरवा आहे. नळाचं पाणी घेऊ नकोस, टाकीत तापलेलं असतं. माठातलं घे आणि खोड पूर्ण भिजव. माझ्याशी आज बोलली नाहीस तरी चालेल.

आजोबा