गावफेरीचा शेवटचा थांबा

२ सप्टेंबर
यंदाही गावफेरी माझ्याकडेच! कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाले, पण नव्या पोरांना गाव दाखवायचं काम काही मी सोडलं नाही. खेळाचे नवे सर म्हणत होते, पुढच्या वर्षीपासून मोबाइलमध्येच माहिती भरून ठेवू, पोरं कानात घालून फिरतील. म्हटलं, खुशाल भरा. आधी यंदाची फेरी ऐका, मग बोलू. कबूल झाले. रंगली तर फेरी राहील, नाहीतर मोबाइल.

५ सप्टेंबर
हे फक्त इथेच लिहिते. लांबचं सगळं धुरकट झालंय. वही दिसते, ताटातलं दिसतं, समोरच्या घराची खिडकी दिसत नाही. सूनबाईला बोलले तर ती मुलाला सांगणार, मुलगा सरांना — की संपलंच. डोळ्यांचं फेरीनंतर बघू. तोवर तोंडाला कुलूप.

८ सप्टेंबर
सूनबाईला घेऊन रंगीत तालीम केली. पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरांच्या गल्लीत खळीचा वास आला की उजवीकडे. पायाखाली खडबडीत फरशी लागली की जुनी पेठ, नक्षीच्या खांबांची घरं. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी तर टोलेच सांगतात. पाठ म्हणजे पाठ!

मैदानाकडे मात्र ही न्यायलाच तयार नाही. "आई, ऊन किती आहे. मैदान यंदा वगळा ना." मागच्या खेपेला माझ्या गुडघ्यांचं निमित्त होतं. आळशी आहे, झालं! मैदानावरचं ते लाकडी पॅव्हेलियन मी झोपेतही दाखवीन. आमचे हे तिथेच वरच्या पायरीवर बसून कॉलेजच्या पोरांना फुटबॉल शिकवायचे. गेले, तरी ती शिट्टी अजून कानात आहे.

९ सप्टेंबर
घसा ठीक. पाय ठीक. उरलेल्याबद्दल लिहीत नाही.

१० सप्टेंबर
आले आणि सरळ वही उघडली. जिंकले!

पेठेत पोरं, अगदी सरही, खांबांवरची नक्षी चाचपून बघत होती. मनोऱ्याखाली मी बोट वर केलं आणि त्याच क्षणी टोल पडला. टाळ्या! सूनबाई तिथून तिच्या कामावर गेली. उतारावर मी एका पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. या वयात ते खपून जातं.

शेवटी मैदान. कापलेल्या गवताचा वास आला, थांबले, काठी उचलली. म्हटलं, हे बघा आपलं पॅव्हेलियन. या हिरव्या पायऱ्या, ती वर गुणांची पाटी. पाऊस आला की दोन्ही संघ याच छपराखाली, भांडणं इथेच मिटायची. आमच्या यांचंही सांगितलं — सामना संपला की हरलेल्यांना आधी वर बोलवायचे, जिंकलेल्यांना मागून. एकाने हळूच विचारलं, "मॅडम, पायऱ्या किती रुंद होत्या?" होत्या काय, आहेत म्हण! दोघं पाय पसरून बसतील एवढ्या. वाटलं, आता सगळे हसतील. कुणी हसलं नाही.

आपल्याच तोंडाने सांगू नये, पण वहीपाशी कसली चोरी? मला माझा अभिमान वाटतो.

११ सप्टेंबर
सरांचा फोन. मोबाइलचं बारगळलं, फेरी माझीच. मग म्हणाले, "मॅडम, शेवटचं ते सुचलं कसं तुम्हाला? पॅव्हेलियन सुट्टीत पाडलं, तिथे नुसती माती. आणि तुम्ही त्या मोकळ्या जागेवर काठी रोखून पायरीन् पायरी दाखवलीत. पोरं मान वर करून बघत होती."

"सुचलं आपलं," म्हटलं आणि फोन ठेवला.

सूनबाई दारातच उभी होती, सरांचं बोलणं तिलाही ऐकू गेलं होतं. "बाबांची जागा ती. मला सांगवेना, आई. आणि काल तुम्ही बघून आलात, तरी एक शब्द बोलला नाहीत."

म्हटलं, बघून कुठली येतेय गं. मला दिसतच नाही.