वाळूत पुरलेलं जाकीट

शनिवार, १३ डिसेंबर. अल नहदा

जॉर्जियाच्या डोंगरात स्कीइंगला जायच्या आधी आज आमच्या पाच जणांच्या ग्रुपचा, हिमकडा कोसळून गाडला गेलेला माणूस शोधायचा सराव शारजाच्या वाळवंटात झाला. ट्रेनरने नीताचं, म्हणजे माझ्या बायकोचं, निळं जाकीट सिग्नल देणाऱ्या यंत्रासकट वाळूत पुरलं. ते जाकीट म्हणजे बर्फाखाली गाडला गेलेला माणूस. तसंच यंत्र आम्हा प्रत्येकाच्या अंगावर, सतत सिग्नल देणारं; ट्रेनरने "यल्ला", म्हणजे चला, म्हटलं की सगळ्यांनी ते 'शोध'वर टाकायचं. मी विसरलो. माझं यंत्र सिग्नलच देत राहिलं आणि चौघं माझ्याभोवती गोळा झाले. "अरे, तू तर उभा आहेस," नीता म्हणाली. ट्रेनरने घड्याळ पाहिलं. "बर्फाखाली माणूस जेमतेम पंधरा मिनिटं तगतो. ती खलास."

एक बटण कसं विसरलो?

आता घरी नीता बाल्कनीत ते निळं जाकीट अजून झटकतेय. वाळू केव्हाच निघाली असेल.