पहाटेचं फिरणं

पिंप्राळा, जळगाव
दि. २७ नोव्हेंबर १९९०

ति. अक्का हिस,

धाकट्या भावाचा सविनय जयभीम, वि. वि.

तुझं दिवाळीनंतरचं पत्र पोचलं. इकडे सगळे खुशाल आहेत. यशपाल टेलिफोन ऑफिसच्या कामात, विशाखा बाळाच्या कामात, आणि मी कोणाच्याच कामात नाही, म्हणून पत्र लिहायला घेतलं. नातीला सगळे छकुली म्हणतात. अंग धरत चालली आहे. नाक आपल्या आईचं आहे, असं माझं मत; विशाखाला ते मान्य नाही.

यंदा थंडी लवकर आली. फैजपूरकडचे केळीवाले आतापासून हवालदिल झालेत. केळीचं राहू दे, माझंच सांगतो. आधी थंडी कानाला लागायची, मग हातांना. आता घराबाहेर पाऊल टाकलं की थेट गुडघ्यात शिरते आणि उन्हात बसलो तरी लवकर निघत नाही. वरणगावच्या कारखान्यात असताना मी पहिल्या पाळीला नुसत्या सदऱ्यावर सायकल मारत जायचो, हे तू डोळ्यांनी पाहिलंयस. तो माणूस कुठं गेला कळत नाही. वय झालं, दुसरं काय.

सध्या मी पहाटे फिरायला जातो. यशपालची आई होती तेव्हा तिनं कितीदा सांगितलं, तेव्हा गेलो नाही. आता तिच्या माघारी सुरू केलंय. यशपाल ऑफिसात सगळ्यांना सांगतो की आमचे आबा या वयातही पहाटे बाहेर पडतात. त्याला बरं वाटतं.

तुझ्या गुडघ्यांचं काय? लोभ आहेच, तो कमी करू नकोस.

तुझा,
आधार

·

धुळे
दि. ९ डिसेंबर १९९०

चि. आधार यास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसू आलं. तू फिरायला जातोस! अरे, कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ आणायला सांगितलं तरी तू सायकल काढायचास. कारण नसताना तू चार पावलं चाललेला मला आठवत नाही. आणि आता या थंडीत, उजाडायच्या आधी? कुठवर जातोस, कोणाबरोबर जातोस, काही लिहिलं नाहीस. मी शाळेत इतकी वर्षं पोरांची निमित्तं ऐकली आहेत, म्हणून विचारते.

थंडीचं तू लिहिलंस ते खरं. मलाही आता तसंच होतं. गेल्या आठवड्यात सकाळी दूध आणायला हुस्नबानोबरोबर गेले होते. हुस्नबानो म्हणजे शेजारची, तुला ठाऊक आहे, तुझ्या हातावर बळेच शिरकुर्म्याचा डबा ठेवणारी. पिशवी घेताना तिचा हात माझ्या हाताला लागला तशी ती ओरडलीच, अक्का, ये हाथ है या बरफ! आणि मला पत्ता नाही. मी आपली बोलत चालले होते.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, म्हातारपणी कातडी पातळ होते, आतली चरबी झिजते, रक्त हातापायांच्या टोकांपर्यंत सावकाश पोचतं. हे मी मान्य केलं. पण पुढचं त्यांनी सांगितलं ते मला आवडलं नाही. म्हणाले की अंग गार पडतंय याची खबर म्हाताऱ्या माणसाला उशिरा लागते. तेव्हापासून मी ओट्यावर ऊन आल्याशिवाय बाहेर पडत नाही. तूही पडू नकोस. फिरायचंच असेल तर दहा वाजता फीर, कोण अडवतंय?

खोकला कसा आहे? मागच्या हिवाळ्यात फार दिवस रेंगाळला होता. कानटोपी घालत जा. विशाखाला आणि बाळाला आशीर्वाद. उत्तर नीट लिही, माझ्या प्रश्नांना वळसा न घालता.

तुझी,
अक्का

·

पिंप्राळा
दि. २० डिसेंबर १९९०

ति. अक्का हिस,

सविनय जयभीम, वि. वि.

मास्तरीण शाळेतून निवृत्त झाली तरी तपासणी चालूच आहे. तर उत्तरं अशी. रेल्वे गेटापर्यंत जातो. एकटाच जातो. तिथं नाल्यावर एक मोरी आहे, तिच्या कठड्यावर बसतो. दगड गार असतो, पण बूड टेकायला दुसरी जागा नाही. उजाडलं की परत येतो.

आमच्या गल्लीतला कय्युम रिक्षा घेऊन स्टेशनावर जाताना भेटतो. रोज रिक्षा थांबवतो आणि चाचा, घरी सोडू का, म्हणून विचारतो. मी म्हणतो, ऊन येईलच इतक्यात. तो मान हलवून पुढं जातो. चांगला माणूस आहे.

खोकला आहे. पण तो माझा जुना सोबती, त्याचं काय एवढं. पहाटेच्या वेळी जास्त येतो, मग दिवसभर बरा असतो.

छकुलीची झोप फार हलकी आहे. भांडं वाजलं की उठते, कडी वाजली की उठते, आणि एकदा उठली की विशाखा तिला खांद्यावर टाकून फेऱ्या घालत बसते. सुनेच्या डोळ्यांखाली काळं आलंय. तिला आई नाही, त्यामुळे बाळंतपणाला माहेर असं मिळालंच नाही. घर तू पाहिलंयस. आतल्या खोलीत ते तिघं, बाहेरच्या खोलीत माझी खाट, मध्ये नुसता पडदा. आम्ही सगळे हल्ली कुजबुजतच बोलतो. परवा यशपालला शिंक आली तर तो नाक धरून अंगणात पळाला.

तुझ्या डॉक्टरांचं म्हणणं वाचलं. मला अजून तरी थंडी चांगली कळते, त्यामुळे काळजीचं कारण नाही. उलट हल्ली मोरीवर बसल्यावर सुरुवातीला वाजते तेवढीच. नंतर वाजेनाशी होते. सवय झाली असावी.

हुस्नबानोला सलाम सांग. तुझ्या मायेत आम्हा सगळ्यांना ठेव.

तुझा,
आधार

·

पिंप्राळा
दि. ७ जानेवारी १९९१

ती. आत्याबाई यांस,

विशाखाचा सविनय जयभीम.

आधी सांगते, आबा बरे आहेत. आता झालेलं सांगते.

परवा सकाळी कय्युमभाईंनी आबांना रिक्षात घालून दाराशी आणलं. रोजच्यासारखे ते मोरीवर बसलेले होते. कय्युमभाईंनी हाक मारली तर त्यांनी नुसतं बघितलं. काही बोलायला गेले, पण जीभ जड झालेली, शब्द फुटेना. मफलर गळ्यातून काढून मांडीवर ठेवला होता. कय्युमभाई म्हणाले, इतक्या थंडीत माणूस कापत नाही हे बघून मीच घाबरलो. आमच्या यांनी तसंच आबांना दवाखान्यात नेलं. बाळाला शेजारी ठेवून मीही मागोमाग गेले. अंग इतकं गार होतं की माझा हात आपोआप मागं आला. मी तळपाय चोळायला लागले तर डॉक्टरांनी थांबवलं. घोंगड्यांत गुंडाळून, खोली गरम करून, हळूहळू ऊब आणली. छातीतही कफ साठलाय, म्हणून अजून काही दिवस तिथंच ठेवणार आहेत. आता ओळखतात, बोलतात, चहा बेचव आहे म्हणतात.

डॉक्टरांनी विचारलं, खोकला कधीपासून? हे म्हणाले, तसा खोकला नाही, ते तर रोज फिरायला जातात. दारात कय्युमभाई उभे होते. ते म्हणाले, चाचा घूमते नहीं, बैठते हैं. बैठके खाँसते हैं.

दुपारी मी एकटी त्यांच्याजवळ असताना विचारलं. भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, पोर जागी व्हस ना, म्हनीसन. घरात ते असं अहिराणीत बोलत नाहीत. बोलले की समजावं, माणूस थकलाय.

आत्याबाई, मला राग आला. मी त्यांना म्हटलं, सकाळची पॅसेंजर शिट्टी देते तेव्हाही ती उठते. मग पॅसेंजरला आपण गाव सोडून जायला सांगतो का? ते हसले नाहीत. कॉलनीत काय बोलतील ते मला माहीत आहे, की सुनेनं सासऱ्याला थंडीत बाहेर काढलं. त्याचं मला फार वाटत नाही. पण खोकल्यानं बाळ उठायचं तेव्हा मी वैतागायचे हे खरं आहे. तोंडानं कधी बोलले नाही. पडद्याआड उसासा टाकला असेन, तो त्यांना ऐकू गेला असेल. आता त्यांना काय सांगू म्हणजे त्यांना ते खरं वाटेल, हे मला कळत नाही.

तुम्ही धावत येऊ नका, थंडी फार आहे. पत्र मात्र लवकर पाठवा.

तुमची,
विशाखा

·

पिंप्राळा
दि. १६ जानेवारी १९९१

ति. अक्का हिस,

सविनय जयभीम, वि. वि.

काल घरी आलो. विशाखानं तुला सगळं कळवलंय असं समजलं, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. मला त्यातलं फारसं आठवतही नाही. एवढंच आठवतं की अंगात गरम वाटत होतं आणि मफलर नकोसा झाला होता.

पोरं मला काही बोलत नाहीत. बोलली असती तर बरं झालं असतं. मी दाराकडे वळलो की विशाखा हातातलं काम थांबवून बघते. मी पाणी प्यायला उठलो तरी यशपाल पडद्यातून डोकं काढतो. खोकल्याची उबळ आली की मी उशीत तोंड खुपसतो, मग श्वास कोंडतो आणि आणखी मोठ्यानं खोकतो. पोरगी उठतेच. विशाखा आतून म्हणते, राहू द्या आबा, काही नाही. ती हे चांगल्या मनानं म्हणते, हे मला कळतं. पण ‘काही नाही’ म्हणताना तिचा आवाज झोपेनं फाटलेला असतो.

म्हणून विचारतो. थंडी सरेपर्यंत तुझ्याकडे येऊन राहू का? तुझं घर लहान आहे, पण तू एकटी आहेस आणि तुझ्याकडे तान्हं मूल नाही. एक खाट पुरे. स्वयंपाकात मदत करीन. पिठलं मला येतं. यशपालला अजून बोललो नाही. तुझं पत्र आलं की बोलेन आणि सकाळची एस. टी. धरेन. सकाळची म्हणजे ऊन आल्यावरची.

उत्तराची वाट बघतो. आशीर्वाद असू दे.

तुझा,
आधार

·

धुळे
दि. २१ जानेवारी १९९१

चि. आधार यास,

आशीर्वाद.

येऊ नकोस.

माझ्याकडे जागा आहे, खाट आहे. तुझं ऐकून हुस्नबानोनं नवी रजई आधीच आणून ठेवली. तू आलास तर मला बरं वाटेल. दिवस मोठा असतो आणि मी हल्ली भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलते. हे सगळं असून लिहिते, येऊ नकोस. लिहिताना हात थांबत होता, अक्षरावरून तुला दिसेलच.

तू धुळ्याला आलास तर तेही तुझं फिरायला जाणंच होईल. फक्त मोरी लांबची. मोरीवरून कय्युमनं तुला परत नेलं. इथून कोण नेणार? थंडी सरेल, मग तू म्हणशील उन्हाळा जाऊ दे, मग म्हणशील पोरांना आता सवय झाली. आणि विशाखाच्या मनात आयुष्यभर राहील की आपल्यामुळे म्हातारा घर सोडून गेला.

तू तिला विचारलंस का कधी? सरळ तोंडानं, की मी घरात खोकलो तर चालेल का? नाही विचारलंस. तिचं उत्तर तूच ठरवलंस आणि मोरीवर जाऊन बसलास. कारखान्यात साहेबासमोर दहाजणांच्या वतीनं बोलायचास, आणि घरात स्वतःच्या खोकल्याबद्दल तुला एक वाक्य बोलता येत नाही. विचार. ती नको म्हणाली तर मी स्वतः येऊन तुला घेऊन जाते, ऊन असो नसो. पण विचारल्याशिवाय माझ्या दाराशी उभा राहू नकोस.

चौदा एप्रिलला मात्र ये. इथली मिरवणूक बघ, चार दिवस राहा, पिठलं करून घाल. पाहुण्यासारखा ये.

औषध वेळेवर घे. रागावू नकोस, आणि रागावलास तरी पत्र लिही.

तुझी,
अक्का

·

पिंप्राळा
दि. ६ फेब्रुवारी १९९१

ति. अक्का हिस,

सविनय जयभीम, वि. वि.

तुझ्या पत्राचा राग आला होता. चार दिवस उत्तर लिहिलं नाही. नंतर राग गेला, पण तुला कळवण्यासारखं काही घडलं नव्हतं. विचारायचं म्हणून मी रोज ठरवायचो आणि रोज दुसरंच काहीतरी बोलायचो. एकदा तर तोंडातून निघालं, आज तांदूळ फार बारीक दिसतात.

शेवटी परवा विचारलं. विशाखा अंगणात लंगोट वाळत घालत होती. मी तू लिहिलंस तेच शब्द वापरले, म्हणजे चुकायला नको. तिनं हातातला लंगोट झटकला, दोरीवर टाकला, आणि मग म्हणाली, आबा, खोटं बोलत नाही, मला झोप पाहिजे. तुम्ही खोका, पण खोकल्यानं ती उठली तर तिला तुम्ही घ्यायचं. मी उठणार नाही. मी म्हटलं, मला तान्हं मूल घेता येत नाही. यशपाल लहान असताना मी पाळीवर असायचो, घरी यायचो तेव्हा तो झोपलेला असायचा. ती म्हणाली, मलाही येत नव्हतं.

काल पहाटे उबळ आली. उशी घेतली नाही, मोकळा खोकलो. छकुली रडत उठली. पडदा सरकला, विशाखानं तिला माझ्या रजईत आणून ठेवलं, मान कशी धरायची ते दाखवलं आणि आत जाऊन पडली. पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मग रडली, मग पुन्हा बघत राहिली. गाणं मला येत नाही. म्हणून तिला कारखान्याच्या पाळ्यांच्या वेळा सांगितल्या, कोणत्या शेडमध्ये काय चालायचं ते सांगितलं. झोपली नाही ती, पण रडायची थांबली. मध्ये मला खोकला आला तेव्हा दचकली आणि माझा सदरा मुठीत धरला. हात अवघडला तरी मी हललो नाही.

यशपालनं स्वतःचा चहा स्वतः केला, डबा न घेता ऑफिसला गेला. ऊन ओट्यावर आलं, ओट्यावरून खोलीत आलं, तरी विशाखा उठली नव्हती. उठली ती घाबरून. किती वाजले म्हणत धावत बाहेर आली. आम्हा दोघांना बघून दारातच उभी राहिली आणि मग एकदम हसायला लागली. लग्न होऊन आल्यापासून तिला मी इतकं मोठ्यानं हसताना ऐकलं नव्हतं.

तू एकटी आहेस, तेव्हा बाहेर पडताना हुस्नबानोला सांगून पडत जा. हे मी आता अधिकारानं लिहू शकतो.

मी दहानंतर अंगणात जातो. थंडी अजून वाजते, पूर्वीपेक्षा जास्तच वाजते. वाजली की घरात येतो.

एप्रिलात भेटू. तोवर मायेनं लिहीत राहा.

तुझा,
आधार