ताई येतेय

अगं,

रात्रपाळी करून आलीस म्हणून उठवलं नाही. गाडीचे ब्रेक तपासायला गॅरेजात नेतोय, दुपारपर्यंत परत येईन. जेवण झाकून ठेवलंय.

सकाळी तुझ्या ताईचा फोन आला होता. आई गेल्यापासून तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही, हे ठाऊक असूनही मी तिला आपल्या जुन्या शहराच्या सहलीचं कळवलं होतं. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस.

आधी ती नुसती हं हं करत होती. मग म्हणाली, "पानगळ लागली की आई आम्हाला तिथल्या किल्ल्याच्या तटावरून फिरवायची. धाकटी पुढे पळायची आणि मी तिच्या चपला हातात घेऊन मागे."

मी विचारलं, "मग येताय ना, ताई?"

"येते. पण पुढच्या सीटवर मी बसणार. मला गाडी लागते."

खरं सांगतो, जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी सकाळी निघू आणि वाटेत तिला घेऊ. पहिल्या दिवशी राजवाडा आणि संग्रहालय तिघं मिळून बघू. दुसऱ्या दिवशी तटावर तुम्ही दोघीच जा. त्या दिवशी माझे गुडघे दुखणार आहेत, हे मी आत्ताच ठरवून टाकलंय.

उठलीस की तिला फोन कर. काय बोलावं सुचलं नाही, तर गरम कपडे किती घ्यायचे एवढंच विचार. ती फोनजवळच बसली असेल.