डीच्या वर जागा नाही

बर्मिंगहॅम
१८ जानेवारी २००४

ती. सुनीतीआत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलले तर ओरडेन, म्हणून लिहितेय. माझ्या इयर इलेव्हनच्या वर्गात नदीन ग्रँट नावाची मुलगी आहे. तिला तिची जमैकन आजी वाढवते. परवा नदीनने फळ्यावर वर्गसमीकरण मी शिकवलं त्यापेक्षा सुटसुटीत सोडवलं. आणि या मुलीला जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, सगळ्यात खालचा फाउंडेशन पेपर लावलाय! त्यात सगळं बरोबर आलं तरी डीच्या वर ग्रेडच मिळत नाही, आणि जगात किंमत आहे ती सीपासून पुढे. म्हणजे परीक्षेआधीच निकाल.

खालच्या सेटमध्ये, म्हणजे कच्च्या ठरवलेल्या तुकडीत, बहुतेक काळीच मुलं का, असं मी आमच्या हेड ऑफ मॅथ्सना विचारलं. ते चहा ढवळत म्हणाले, रिअलिस्टिक राहायला हवं, त्यांना घरून सपोर्ट नसतो. वर हसून म्हणाले, तुम्हा इंडियन्सना गणित जन्मजातच येतं. आत्या, आठवीत मी गणितात नापास झाले होते! बाबांनी वर्षभर समोर बसवून करून घेतलं, ते काय जन्मजात?

मी राजीनामा देतेय.

रागावलेल्या भाचीवरही लोभ राहू दे.
तुझी ऋजुता

एजवेअर
२३ जानेवारी २००४

चि. ऋजुतास,
अनेक आशीर्वाद.

राजीनामा कसला देतेस? त्या साहेबाला तेच हवं असेल. शिवाय तुझा व्हिसा त्याच नोकरीवर आहे. राग नाकाच्या शेंड्यावर, अगदी माझ्या भावासारखा!

पण चीड मला तुझीही आली. पानभर साहेबाचा उद्धार केलास, त्या आजीला एकदा तरी भेटलीस का? घरून सपोर्ट नाही, हे तो म्हणाला आणि तू ऐकून घेतलंस. हॉस्पिटलात माझ्याबरोबर असलेल्या जमैकन नर्सेस नाइट ड्यूटी संपवून शनिवारी मुलांना चर्चच्या शाळेत नेऊन बसवायच्या. कारण खऱ्या शाळेत त्यांच्याकडे कोणी बघत नसे. तुमच्याकडेही अशी शनिवारची शाळा असेल, तू जा तिथे. आणि परीक्षेचे फॉर्म भरायची तारीख उलटायच्या आत आजीला घेऊन शाळेच्या हेडकडे जा.

वेळेवर जेव. संतापाने पोट भरत नाही.
तुझी आत्या

बर्मिंगहॅम
२८ ऑगस्ट २००४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये जाते. तिथे मुलं घोळक्याने गणितं सोडवतात, कडाकडा भांडतात, आणि हे तुला जमणार नाही असं कोणी कोणाला म्हणत नाही. नदीन लहानांना अपूर्णांक शिकवते. मिसेस ग्रँट हॅट घालून शाळेत आल्या आणि पेपर बदलल्याशिवाय खुर्चीतून उठणार नाही म्हणाल्या. मागितला सगळ्यात वरचा हायर, मिळाला मधला इंटरमीजिएट. त्यात बीच्या वर काही नसतं.

नदीनला बी मिळाला. आमचे साहेब तिच्या खांद्यावर हात ठेवून लोकल पेपरच्या फोटोला उभे राहिले! नंतर ती हळूच म्हणाली, पुढे ए-लेव्हलला मॅथ्स घ्यायला कॉलेज ए मागतंय; मिस, मी कुठे कमी पडले का? माझा तोल गेला. शाळेच्या भर हॉलमध्ये साहेबांना म्हणाले, ही बीवर थांबली नाही, तुम्ही थांबवलीत. आता मला हेडने बोलावलंय. बोलावू देत. हेच तिथेही बोलेन.

नदीन नोव्हेंबरमध्ये हायरला बसणार आहे. चूक त्यांची, आणि परीक्षा पुन्हा तिने द्यायची.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ऋजुता